कोरी चिठ्ठी

फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टन शहर अजून पुरतं उभं राहिलेलं नव्हतं. अर्धवट बांधलेल्या कॅपिटॉलमध्ये प्रतिनिधी उशा-पांघरुणं घेऊन मुक्कामाला आले होते. थॉमस जेफरसन आणि एरन बर, एकाच पक्षाचे दोघे, ७३-७३ मतांवर अडले होते. विद्यमान अध्यक्ष जॉन ॲडम्स ६५ मतं मिळवून हरले होते. बर उपाध्यक्षपदासाठी उभा आहे असंच सगळे धरून चालले होते. पण तेव्हाच्या मतपत्रिकेवर पद लिहायची सोयच नव्हती, आणि बरोबरी झाल्यावर बर माघार घेईना.

निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. राज्यं १६, प्रत्येकाला एक मत, जिंकायला ९ हवीत. जेफरसनला ८, बरला ६. मेरीलँड आणि व्हरमाँटच्या प्रतिनिधींत समसमान फूट, म्हणून त्यांचं मतच धरलं जाईना.

मेरीलँडचा जोसेफ निकोल्सन तापाने फणफणला होता. तो आला नसता तर ते राज्य बरकडे गेलं असतं. म्हणून त्याला बर्फातून उचलून आणलं, सभागृहाशेजारच्या खोलीत खाटेवर निजवलं. बायको उशाशी बसून औषध पाजायची. फेरी आली की त्याचा थरथरता हात धरून चिठ्ठीवर नाव लिहून घ्यायची. फेरीमागून फेरी, तेच एक नाव.

ही लोकशाही निर्मळ नव्हती, हेही सांगायला हवं. गुलामांना मत नव्हतं; उलट पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब धरून मालकांच्या राज्यांना जादा मतं मिळत, आणि त्याचा फायदा जेफरसनलाच झाला होता.

३५ फेऱ्या झाल्या तरी आकडा हलेना. किल्ली होती जेम्स बेयर्डच्या हातात. इवल्याशा डेलावेअरचा तो एकमेव प्रतिनिधी, ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाचा, वय ३३. त्याचा एकट्याचा कौल म्हणजे अख्ख्या राज्याचं मत, व्हर्जिनियासारख्या बड्या राज्याच्या बरोबरीचं. आणि तो दर वेळी बरच्या बाजूने पडत होता.

इथून पुढचं घडलेलं नाही. पण समजा, बेयर्ड हटलाच नाही.

छत्तिसावी फेरी, पन्नासावी, ऐंशीवी. ४ मार्च उजाडला. त्या दिवशी ॲडम्स यांची मुदत संपली. पहाटे गाडी जुंपली, सामान चढलं; पायरीवर पाय ठेवताना ते थबकले. "देश असा वाऱ्यावर टाकून कसा जाऊ?" त्यांचा हेतू चांगलाच होता. घोडे सोडले गेले. मुदत संपलेला माणूस घरात परतला.

ही बातमी कळताच पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी आपापल्या फौजा हलवल्या. गोळी एकही सुटली नाही. चिखलाने भरलेले बूट घालून शिपाई कॅपिटॉलच्या दाराशी दोन रांगांत उभे राहिले, एवढंच. त्या रांगांमधून बेयर्ड आत गेला आणि त्याने चिठ्ठीवर लिहिलं, 'जेफरसन'.

नऊ राज्यं झाली. ज्याने व्हायला हवं होतं तोच अध्यक्ष झाला. गावोगाव दिवे लागले. अन्याय कुठे झाला, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर सापडलं नसतं.

१८०४ मध्ये मतमोजणीच्या दोन दिवस आधीच हरणाऱ्या पक्षाचे शिपाई येऊन थांबले. तेव्हा तुम्ही आणले, आता आम्ही आणले. १८०८ मध्ये दोन्हीकडचे आले. त्या वर्षी डेलावेअरचा एक शेतकरी मतदानाला गेलाच नाही. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाला, "माझं मत कशाला? कुणाच्या बंदुका जास्त भरल्या तेवढं सांग, म्हणजे झालं."

आता खरं घडलं ते.

१७ फेब्रुवारीची छत्तिसावी फेरी. आपलं चिमुकलं राज्य संघराज्याच्या आधारावर उभं आहे, संघराज्य मोडलं तर आधी तेच बुडेल, हे बेयर्डला दिसत होतं. पक्षाचे लोक त्याच्यावर खवळले होते. जेफरसनचं नाव लिहायला मात्र त्याचा हात धजेना, आणि कुणी ते लिहायला लावलंही नाही. त्याने चिठ्ठी कोरीच टाकली. मेरीलँड आणि व्हरमाँटचे त्याचे पक्षबंधूही आडवे आले नाहीत. जेफरसनला १० राज्यं मिळाली.

४ मार्चला पहाटे चार वाजता, अंधारातच, ॲडम्स शहर सोडून निघाले. मनाला लागलं होतं; सोहळ्याला ते थांबले नाहीत. गाडी मात्र कुठे थबकली नाही. दुपारी जेफरसन आपल्या मुक्कामाच्या खानावळीतून पायी कॅपिटॉलला गेले, शपथ घेतली आणि परत खानावळीतच आले. पुढे दोन आठवडे ते तिथेच राहिले. अध्यक्षांच्या घरात तोवर अध्यक्ष नव्हता, आणि त्या घराचा ताबा घ्यायला कुणीही गेलं नाही.