वस्त्राचा परिग्रह



कणगीत धान्य भरलेले असले म्हणजे माणूस निश्चिंत होतो. पण कपाट कपड्यांनी भरलेले असूनही ‘घालायला धड काही नाही’ असे म्हणणारा पुरुष आज घरोघर भेटतो. हा थट्टेचा विषय वाटेल. परंतु त्यात नीतीचा एक प्रश्न आहे. जे आपण वापरीत नाही, ते आपल्या घरात कोणत्या अधिकाराने पडून राहते?

इचोड्याच्या परिसरात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. येथील काळी जमीन कापसाची. एका बोंडातून साधारण तीन-चार ग्रॅम कापूस निघतो. त्यात वजनाने तिसरा हिस्सा रुई, बाकी सरकी. म्हणजे एका साध्या सदऱ्यासाठी किलोच्या आतबाहेर कापूस लागतो. अडीचशे-तीनशे बोंडे कोणा मजूर भगिनीने उन्हात वाकून, बोटांवर ओरखडे सोसून वेचलेली असतात. त्यानंतर जिनिंग, सूत, विणाई, शिलाई. पाण्याचा हिशेब करणारे सांगतात की, जगाच्या सरासरीने एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते. इतक्या जणांचे कायक ज्यात गेले, तो सदरा तीन-तीन वर्षे घडीतच पिवळा पडावा, हा त्या कायकाचा अवमान नव्हे काय?

हा साठा होतो कसा, तेही पाहा. पुरुषाच्या कपाटातील पुष्कळ कापड त्याने विकत घेतलेलेच नसते. ते आहेरात आलेले असते. टोपी-टॉवेल, शर्टपीस, पँटपीस. देणाऱ्याने घेणाऱ्याची आवड विचारलेली नसते, घेणारा ते शिवीत नाही, आणि पुढच्या लग्नसराईत तेच कापड दुसऱ्याच्या ट्रंकेत जाते. पण पहिल्याने ते अनेकदा उधारीवर आणलेले असते. ज्याचे सारे वर्ष कापसाच्या भावावर अवलंबून, त्याने कोणी अंगावर न घालणाऱ्या कापडासाठी दुकानदाराच्या वहीत आपले नाव वाढवावे, यात मान कोणाचा राहिला? लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आपण छापतो. ती पाळण्याचे धैर्य यजमानाने व पाहुण्याने, दोघांनीही दाखवावे.

येथे कोणी विचारील, ‘अक्कमहादेवींनी वस्त्राचाच त्याग केला. महात्मा गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत पंचा पत्करला. मग कपड्यांची निगा राखणे हा देहाचा लाड नव्हे काय?’ नव्हे. अक्कांचा मार्ग अक्कांचा. तो संसारी माणसाने नक्कल करण्याचा नाही. गांधीजींचा पंचा तोकडा होता, पण मळका नव्हता. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या असत, पण हाती खराटा असे. थोडके असणे निराळे आणि गबाळे असणे निराळे. गबाळेपणाला वैराग्य म्हणू नये. ज्याच्याजवळ पुष्कळ असते, त्यालाच एकेकाची निगा राखणे जमत नाही.

म्हणून एक दिवस काढा. सगळे कपडे बाहेर बाजेवर काढा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. गेल्या उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्यात हा अंगावर चढला का? आज अंगाला बसतो का? काही उसवले असेल तर या महिन्यात दुरुस्त करून घेणार का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले तर तो कपडा तुमचा राहिलेला नाही. ‘बारीक झालो की घालीन’ ही आशा कपाटात ठेवू नये. आदिलाबादकडची थंडी कडक. गरम कपडे मात्र विचारपूर्वक ठेवा.

जे उरेल त्याला सुधारा. तुटलेले बटण लावा, विरलेल्या जागी रफू करवा, झिजलेली कॉलर शिंप्याकडून पलटवून घ्या. शेतासाठी वेगळे, बाहेर जाण्यासाठी वेगळे, पूजेसाठी स्वच्छ धूतवस्त्र, एवढी वाटणी पुरे. नीट माप देऊन शिवलेले दोन सदरे न बसणाऱ्या दहांपेक्षा अधिक शोभतात. पावसाळ्यानंतर कपड्यांना ऊन द्या, घडीत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा. आणि आपले कपडे निदान आठवड्यातून एकदा आपण धुवा. मडिवाळ माचिदेवांनी कल्याणात शरणांची वस्त्रे धुण्याचेच कायक केले. त्यांचे नाव भक्तीने घ्यायचे आणि मळलेला सदरा मात्र घरच्या लक्ष्मीच्या अंगावर भिरकावायचा, हे कोणत्या आचारात बसते?

जे द्यायचे ते चांगले असतानाच द्या. फाटके, विटके बाहेर काढणे म्हणजे दासोह नव्हे. ती आपल्या घराची झाडलोट झाली. देण्यापूर्वी धुऊन, बटण लावून, घडी करून द्या. घेणाऱ्याला संकोच वाटणार नाही असे द्या. अगदी जीर्ण झालेले गोधडीला लावा, पुसण्याला घ्या. बोहारणीला दिले तरी हरकत नाही. तिचेही ते कायकच आहे. मात्र त्यास दान म्हणू नका.

आयदक्की लक्कम्मांची कथा तुम्हांस ठाऊक आहे. मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्यांनी ते परत नेऊन टाकण्यास सांगितले. सत्यक्कांनी तर वाटेत पडलेल्या सोन्याबरोबर वस्त्रालाही हात न लावण्याची प्रतिज्ञा केली. लक्कम्मांच्या घरी संपत्ती नव्हती; तरीही गरजेपलीकडचे त्यांना ओझे वाटले. आपल्याकडे ते घरातच घडी घालून ठेवलेले आहे, एवढाच फरक.

येत्या सणापूर्वी एक नेम धरा. नवा सदरा घरात येईल त्या दिवशी एक चांगला सदरा, गरज असलेल्याच्या घरी पोचेल. हा नेम लहान आहे. म्हणूनच तो पाळता येईल.

शरणु शरणार्थी.