करण्यासारखं पुष्कळ असतं

घरात कुणी फार आजारी असलं की भेटायला आलेली माणसं घरच्यांशीच बोलतात. रिपोर्ट काय आला? डॉक्टर काय म्हणाले? खाटेवरच्या माणसाला मात्र क्वचितच कुणी विचारतं, कुठे दुखतंय, काय हवंय?

आजार बरा होणार नाही, हे कळलं की घर हताश होतं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं वाटतं. पण करण्यासारखं पुष्कळ असतं.

केरळमधल्या कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ साली याच विश्वासाने वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे ते गावोगावी पोचलं. नर्सबरोबर शेजारपाजारची साधी माणसंही रुग्णाच्या घरी जाऊ लागली. २००८ मध्ये राज्य सरकारने या सेवेचं धोरणच आखलं.

मग घरी करायचं काय? दुखणं उफाळण्याची वाट न पाहता गोळी ठरल्या वेळी द्यायची. वरचेवर कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. कोरडे ओठ ओले करायचे. नर्स दाखवते, घरचे शिकतात. खरंच, करण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि सेवा करणाराही माणूसच. रात्र रात्र जागून तो थकतो, चिडतो, मग मनातल्या मनात खंतावतो. त्याला उपदेश नको असतो. मदतीला माणूस हवा असतो.

तुमच्या शेजारी असं घर असेल, तर आजच तिथे जा. घरच्यांना म्हणा, ‘तुम्ही दोन तास झोपा, तोवर इथे आम्ही बसतो.’