धोटा आणि मैत्री

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव. त्यांनी त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर राबायचं. आजोबा लाल बावट्याचे. १९२८चा सहा महिन्यांचा संप त्यांनी उपाशीपोटी काढला. पण ही बंदी त्यांना कधी खुपली नाही.

बाबासाहेबांनी तेव्हाच आग्रह धरला की ही बंदी उठवणं हीसुद्धा संपाची मागणी असली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एका व्यासपीठावर! त्या दिवसाबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

मग याच बाबासाहेबांना १९५६ साली बौद्ध धम्माकडे का जावंसं वाटलं? बंदरातल्या युनियनमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला तिथेच भिडला. बोनससाठी खांद्याला खांदा लावणारे आम्ही, डबा उघडताना मात्र आपापल्या कोंडाळ्यात बसायचो. हितसंबंध माणसांना मैदानापर्यंत आणतात. मागणी मान्य झाली की ज्याचा तो घरी. बुद्धाने सांगितलेली मैत्री समोरच्याकडून काही मिळेल म्हणून केलेली नसते, आणि म्हणूनच ती संप मिटल्यावरही टिकू शकते. पोटाचा प्रश्न सुटला की जात आपोआप गळून पडेल, असं आमचे जुने कॉम्रेड मनापासून मानत. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे, पण हे मला पटत नाही. पगाराचं नाव न काढता नुसती मैत्री सांगणाराही मला तितकाच अपुरा वाटतो.

करंजाडेत सिडकोच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीत कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, सगळी पोटासाठी आलेली माणसं राहतात. जिने झाडणाऱ्या मावशींसाठी मात्र प्यायच्या पाण्याचा पेला वेगळा, तोही पाण्याच्या टाकीमागे ठेवलेला. पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. येत्या वार्षिक सभेत मी एकच ठराव मांडणार आहे: ठेक्यात किमान वेतनाची अट, आणि सभासद पितात त्याच कूलरचं पाणी, त्याच पेल्यातून. दोन ठराव केले तर पगाराचा मंजूर होईल आणि पेल्याचा पुढच्या सभेवर ढकलतील.