माझा डोंगर

एखादी वस्तू 'माझी' केव्हा होते? विकत घेतल्याने, वारशाने, की तिच्यावर प्रीती केल्याने? एका चित्रकर्तीमुळे हा प्रश्न आमच्या मनात आला.

अमेरिकेच्या नैऋत्येस न्यू मेक्सिको हे राज्य आहे. तेथील घोस्ट रँच या रुक्ष मुलखात जॉर्जिया ओ'कीफ या नामांकित चित्रकर्तीने १९४० साली घर घेतले. भोवती तांबड्या-पिवळ्या टेकड्या आणि समोर दूरवर पेडर्नल हा सपाट माथ्याचा डोंगर. तो त्यांनी पुनःपुन्हा रंगविला. 'हा डोंगर माझा आहे; पुरेशा वेळा रंगविला तर तो मला मिळेल, असे देवाने सांगितले आहे,' अशा अर्थाचे त्या बोलत.

अहाब राजानेही नाबोथाच्या द्राक्षमळ्याकडे पाहिले होते (१ राजे २१). त्याचे पाहणे बळकावण्यासाठी होते; त्यापायी नाबोथाचा जीव गेला. ओ'कीफबाईंनी पाहिले आणि रंगविले. डोंगर होता तेथेच, सर्वांसाठी राहिला.

तरीही 'माझा' हा शब्द तोलून पाहिला पाहिजे. बाई तेथे येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील आदिवासी त्या डोंगराला पवित्र मानीत आले आहेत. शिवाय तो सरकारी वनाच्या हद्दीत आहे. घराभोवतालची घोस्ट रँचची जमीन तर १९५५ साली मालक आर्थर पॅक यांनी प्रेस्बिटेरियन मंडळीला दान दिली. याच मंडळीच्या मिशनऱ्यांनी कोल्हापूर-मिरजेकडे सेवा केली, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. १९८६ साली बाई ९८ व्या वर्षी वारल्या व त्यांची रक्षा पेडर्नलच्या माथ्यावरून विखुरण्यात आली. डोंगर त्यांचा झाला नाही. त्याच डोंगराच्या झाल्या.

आपल्या मंडळ्यांतही हा शब्द फार ऐकू येतो. 'हे मंदिर आमच्या आजोबांनी बांधले', 'हा वर्ग वीस वर्षे माझा आहे'. त्यात प्रीती असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच प्रीतीतून हक्क उगवतो, हक्कातून भांडण, आणि मंदिराची जागा कोर्टात जाते. पृथ्वी परमेश्वराची आहे, हे २४ वे स्तोत्र आपण तोंडपाठ म्हणतो. मंदिराची चावी हाती आली की ते विसरतो. प्रीतीने सेवेचा अधिकार मिळतो, मालकीचा नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांना गावाजवळची एखादी टेकडी रंगविण्यास सांगावे. चित्रे झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: ही टेकडी कोणाची? मुलांची उत्तरे आपणही लक्ष देऊन ऐकावीत.