खोळंबा

कोणत्याही कचेरीच्या ओसरीवर ताटकळत बसलेल्या माणसांचे चेहरे ज्याने सावकाश न्याहाळले असतील, त्याला वऱ्हाडच्या श्रद्धेचा परिचय कोणत्याही मंदिरापेक्षा तेथे अधिक खरा झालेला असतो. फेरफाराच्या नकलेसाठी, वारसाच्या नोंदीसाठी किंवा एखाद्या जुन्या दाखल्यावरच्या पुसट शिक्क्यासाठी सकाळची पहिली यष्टी गाठून आलेला खातेदार, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे शब्द कानी पडताच प्रथम रागावतो, मग परतीच्या भाड्याचा हिशेब मनाशी मांडतो, आणि अखेर डोक्यावरचा रुमाल नीट करीत, ‘देवाच्या मनात नसन आज’ असे म्हणून उठतो. या उद्गाराची थट्टा करणे सोपे आहे, आणि शिकलेल्यांनी ती यथेच्छ केलेलीही आहे. कारकुनाच्या गैरहजेरीचा बोजा परमेश्वराच्या खात्यावर चढवणारी ही वृत्तीच आपल्या दुरवस्थेचे मूळ होय, असे आवेशाने प्रतिपादन करणारे व्याख्याते सभांतून पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु मोठ्या आपत्तींना अर्थ देण्यासाठी पुराणे, कीर्तने आणि शोकसभा असतात. बारीकसारीक खोळंब्याला मात्र कोणी वाली नसतो, आणि आयुष्याचा फार मोठा भाग तर अशा खोळंब्यांतच खर्ची पडतो, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. त्या बेवारशी वेळेला ज्याने देवाच्या हवाली केले, त्याने निदान ती वेळ चिडण्यात तरी घालवली नाही.

अडचण उत्पन्न होते ती पुढे. हा साधा उसासा हळूहळू सिद्धान्ताचे रूप घेऊ लागतो. गाडी चुकली, म्हणून दुसरी घेतली; दुसरीत जुना स्नेही भेटला; त्याच्या ओळखीने मुलाचे काम झाले; तेव्हा गाडी चुकवली ती देवानेच, अशी एक साखळी माणूस ओवू लागतो, आणि ती जो जो लांबते तो तो त्याची खात्री होत जाते की आपल्या दिनचर्येची बारकाईने व्यवस्था लावण्यासाठी वर कोणी एक दिवाण नेमलेला आहे. ज्या दिवशी गाडी चुकली आणि कोणीही भेटले नाही, त्या दिवसाची नोंद या रोजकीर्दीत होत नाही.

तरीही अशा एखाद्या योगायोगाने खरोखरच आयुष्य पालटलेले दिसते, हे नाकारता येत नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघालेल्या नारायण वामन टिळकांना डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला; बोलता बोलता विषय धर्मावर गेला, त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धाळू मनाला याहून सुबक उदाहरण हवे कशाला? परंतु हीच हकीकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून वाचणाऱ्याला तिची दुसरी बाजू दिसल्यावाचून राहत नाही. ज्या भेटीत पतीला ईश्वराची हाक ऐकू आली, त्याच भेटीपायी पत्नीच्या संसारावर वीज कोसळली, वर्षानुवर्षांचा वियोग पदरी आला आणि माहेरच्या ओसरीवर लोकांच्या नजरा झेलीत बसणे प्राप्त झाले. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या. पण पतीच्या आगगाडीतल्या भेटीवर विश्वास ठेवून नव्हे. जातिभेद देवाने निर्माण केला नसून माणसानेच केला आहे, हा विचार त्यांच्या स्वतःच्या मनात उगवला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला, तेथून त्यांची वाट फुटली. एकाला झालेले मार्गदर्शन दुसऱ्याच्या गळी उतरवता येत नाही, मग ती दुसरी व्यक्ती स्वतःची अर्धांगी का असेना.

यापुढची पायरी तर फारच निसरडी आहे. चुकलेली गाडी पुढे घाटात उलटली, असे कळताच वाचलेला माणूस हात जोडतो. त्याची कृतज्ञता खरी असते आणि तिला नावे ठेवण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. तथापि देवाने मला वाचवले हे वाक्य त्याने चारचौघांत उच्चारले की त्याच क्षणी त्या गाडीत बसलेल्यांविषयीही एक विधान होऊन जाते. आणि ते विधान त्यांच्या घरच्या उंबऱ्यावर उभे राहून करण्याची छाती कोणालाही होणार नाही.

ईश्वरी संकेतांचा हा सारा प्रश्न मनात घोळत असताना गुरुकुंज मोझरीच्या आश्रमाची आठवण मला वारंवार होते, आणि ती निष्कारण होत नाही. यावलीचा माणिक नावाचा मुलगा वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या कृपाछत्राखाली येतो, सालबर्डी आणि रामदिघीच्या अरण्यांत देवाचा धांडोळा घेत हिंडतो, आणि तुकडोजी महाराज म्हणून लोकांसमोर उभा राहिल्यावर १९३५ साली आश्रम स्थापतो तो अरण्यात नव्हे, तर अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, जेथून सरकी-कापसाच्या गाड्या, बाजारकरू, बैरागी आणि पेशीला निघालेले पक्षकार सारखेच जात असणार. ज्याला एकान्तच हवा होता त्याने ही जागा निवडली नसती. वाटसरूने येता-जाता टेकावे आणि आश्रमाच्या कामात त्याचा व्यत्यय व्हावा, हे त्या जागेच्या निवडीतच गृहीत होते, असे मला वाटते.

परंतु त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे तेथली सामुदायिक प्रार्थना. पहाटे ध्यान आणि सायंकाळी प्रार्थना हा क्रम मोझरीत आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांत चालत आलेला आहे. प्रार्थनेसमोर मूर्ती नसते. एक रिकामे आसन असते, आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेतला देव बसवावा अशी मुभा असते. आता ही सायंकाळची वेळ शेतकऱ्याच्या दृष्टीने मुळीच सोयीची नसते. वेचणीचे दिवस असले तर मजूर बायांचा हिशेब त्याच सुमारास करावयाचा असतो, गुरे घरी येत असतात, दूध काढावयाचे असते, तुरीच्या वावरात डुकरे शिरू नयेत म्हणून जागलीला जावयाचे असते. अशा वेळी हातचे काम अर्धे टाकून चौकात येऊन बसणे, आणि तेही शेजारी ज्याच्याशी धुऱ्यावरून फिर्याद चालू आहे त्याच्या मांडीला मांडी लावून बसणे, हा रोजचा खोळंबा आहे. फरक एवढाच की तो कोणा साहेबाने लादलेला नसून माणसाने आपण होऊन स्वीकारलेला आहे. रोज ठरल्या वेळी आपले काम थांबवून घेण्याची ज्याला सवय झाली, त्याला अवेळी आलेला खोळंबा तितका परका वाटत नसावा. संकेत वाचण्याची विद्या मोझरीने शिकवली नाही. थांबण्याची सवय लावली. आश्विन वद्य पंचमीला, ११ ऑक्टोबर १९६८ च्या महाराजांच्या महानिर्वाणाचे स्मरण म्हणून, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी तेथे जमलेला अफाट जनसमुदाय स्तब्ध उभा राहतो, तोही याच सवयीचा विस्तार होय.

या ठिकाणी सान्निध्य आणि संकेत यांतला भेद ओळखणे अगत्याचे आहे. आपल्या लोकमानसाने जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाचा हात लावला. पण त्या कल्पनेत विठ्ठल काय करतो ते पाहावे. तो जनीला पुढचे भविष्य सांगत नाही, नामदेवांच्या घरच्या कष्टांतून तिची सुटका करवीत नाही, पीठ आपोआप पडेल असा चमत्कारही योजीत नाही. तो दळू लागतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठातील मुदपाकखान्यात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्स या ख्रिस्ती साधकालाही स्वयंपाकाच्या कामाचा मुळात तिटकाराच होता, आणि तरी भांड्यांच्या खडखडाटात त्याला जे लाभले ते देवाचे सान्निध्यच. देवाकडून आलेला निरोप नव्हे. निरोपाची अपेक्षा धरली की माणसाचे लक्ष स्वतःकडे लागते, कारण निरोप कोणाच्या तरी नावे यावयाचा असतो. सान्निध्याची ओढ लागली की लक्ष हातातल्या कामाकडे जाते.

वऱ्हाडच्याच मातीत याचा आणखी एक प्राचीन दाखला आहे, आणि तो मोझरीहून फार लांबही नाही. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र. गोविंदप्रभू तेथेच वावरले आणि चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यपरिवारही तेथेच एकवटला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्यात स्वामींनी कोठे वस्ती केली, कोणाच्या घरी काय जेवले, कोण रुसले, कोण वाट चुकले, असल्या क्षुल्लक भासणाऱ्या प्रसंगांना लीळा म्हणून स्थान दिलेले आहे. यात मला विशेष मोलाचे वाटते ते असे की, म्हाइंभटाने या प्रसंगांना अर्थ चिकटवण्याची घाई केली नाही. ज्यांनी ते पाहिले वा ऐकले होते त्यांच्याकडे तो स्वतः गेला, त्यांच्या आठवणी मिळवल्या, आणि दोन साक्षींत तफावत पडली तर तीही लपवली नाही. एखाद्या चोख बंदोबस्त-अधिकाऱ्याने पाहणीचे दफ्तर तयार करावे तशी ही श्रद्धा आहे. घटना प्रथम नीट पाहिली पाहिजे, हे पथ्य आजचे संकेतवादी पाळीत नाहीत; गाडी का सुटली हे पाहण्यापूर्वीच ती कशासाठी सुटली याचा त्यांचा फैसला झालेला असतो.

अर्थात श्रद्धेच्या या भाषेचा सर्वांत अनिष्ट उपयोग होतो तो दुसऱ्याच्या दुःखाविषयी. ऐन वेचणीत अवकाळी पाऊस येऊन फुटलेली बोंडे काळी पडली, सावकाराचा तगादा सुरू झाला, पीककर्जाची मुदत टळून गेली, अशा शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून, ‘यातही देवाचा काही हेतू असेल’ असे म्हणणारा माणूस कितीही सात्त्विक असो, त्या घटकेला तो क्रूर असतो. अमरावती विभागातील गावांनी गेल्या पाव शतकात अशा ओसऱ्या फार पाहिल्या आहेत. कुष्ठरोग्यालाही आपल्या समाजाने शतकानुशतके पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब ऐकवला. १९४६ साली अमरावतीस तपोवन उभारणाऱ्या शिवाजीराव पटवर्धनांनी तो ऐकवण्याऐवजी जखमा धुतल्या. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत प्रारब्धवादावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याला जोडूनच प्रयत्नप्रभावाचा अध्याय आहे. ही जोडणी सहज झाली असेल असे मला वाटत नाही. ज्या ग्रंथाचा आरंभ देवदर्शनाने होतो, तोच ग्रंथ पुढे गावच्या शुद्धीचा आणि आरोग्याचा विचार करू लागतो, आणि नशिबाच्या आड दडणाऱ्याला आडून बाहेर खेचतो. स्वतः महाराजांना १९४२ च्या आंदोलनात अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत राहावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामाला त्यांनी ईश्वराची योजना मानले असेल तर तो त्यांचा अधिकार होता, कारण कोठडी त्यांची होती. मात्र राज्यकर्त्यांनी तसे म्हटले असते तर तो शुद्ध निर्लज्जपणा ठरला असता.

म्हणून मला असे वाटते की, अडचणीत देवाचा हात पाहण्याचा हक्क केवळ ज्याची अडचण त्यालाच आहे, आणि दुसऱ्याची अडचण दिसताच हा सारा तत्त्वविचार गुंडाळून ठेवून उठले पाहिजे. हा भेद शास्त्रार्थ करून कोणी मांडला असेल वा नसेल. शेंडगावात जन्मलेल्या आणि अक्षरशत्रू म्हणवून घेणाऱ्या गाडगेबाबांनी तो आचरणाने मांडला. त्यांची स्वतःची अवस्था म्हणजे अखंड गैरसोय: फुटके मडके, चिंध्यांचे पांघरूण, मिळेल ते अन्न, आणि अखेर १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवरच आलेला मृत्यू. या गैरसोयीविषयी त्यांनी कधी कोणाकडे कैफियत मांडली नाही. परंतु पंढरीच्या वाळवंटात, देवाच्या दाराशी येऊनही उघड्यावर निजणारा अस्पृश्य वारकरी पाहिल्यावर, ही तुझ्या भक्तीची परीक्षा आहे असे त्यांनी त्याला सांगितले नाही. चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीनही करून टाकली. मुंबईत दूरदूरच्या खेड्यांतून रोगी घेऊन आलेले नातेवाईक फूटपाथवर दिवस काढीत, त्यांच्यासाठीही त्यांनी निवारा उभा केला. त्या नातेवाइकांनी रात्री पाठ टेकताना त्या छपरात देवाची योजना पाहिली असेल. बाबांनी मात्र जागेचा, विटांचा, आणि नळाला पाणी किती वाजता येते याचा हिशेब पाहिला.