कोरडा चट्टा

रचलेली म्हणा की घडलेली म्हणा, जामखेडकडच्या एका गावची गोष्ट आहे. १९७०च्या दशकातली. गावात चाळीस एकरांचे धनी होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांच्या उजव्या हाताची पंचक्रोशीत ख्याती. हुरड्याच्या आगटीतली फुललेली गोवरी ते तळहाताच्या कडेनं खुशाल बाजूला सारायचे. पोरंटोरं तोंडात बोटं घालत, आणि मोठी माणसंही, "तात्या म्हणजे वज्र!" म्हणत. करंगळीचं नख भाजून काळं पडलं होतं, ते कुणी बघितलं नाही. तात्यांनीही नाही.

त्याच गावात गावकुसाबाहेर एक विधवा म्हातारी राहायची. अक्षरओळख नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, तो अशाच बायकांच्या जिवावर उभा राहिला. म्हातारी तिथं जाऊन शिकून यायची. जुलाब, बाळंतपण आणि माणसाची कातडी वाचणं. पोटासाठी मात्र रोजंदारी तात्यांच्याच शेतात. त्यांच्या ओसरीची पायरी तिला बंद होती.

फाल्गुनात जोंधळ्याची उफणणी चालली होती. तात्या हौसेनं स्वतः तिवईवर उभे, म्हातारी खालून पाट्या देत होती. ऊन चढलं तसे तात्या घामानं निथळले आणि उडणारा भुसा त्यांच्या हातावर चिकटून बसला. कोपराखाली, करंगळीच्या अंगाला, तेवढी रुपयाहून थोडी मोठी जागा लख्ख राहिली होती. फिकी, कोरडी, एक केस नाही. पाटी हातात तशीच धरून म्हातारी बघत राहिली.

"तात्या, हात बघू द्या जरा."

"काय बघायचंय? केस, नखं कापल्यावर दुखतंय का? तसला हात हाय माझा."

"केस मेलेलाच असतोय. मूळ जित्तं असतंय. कापू नका, उपटून बघा."

तात्यांनी मनगटावरचा एक केस उपटला नि "स्स" केलं.

"आता त्या फिक्या जागंवरचा उपटा."

उपटायला तिथं केस नव्हता.

म्हातारीला केराटिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण बोलली ते खरं. आपण कापतो तो केस आणि नखाची वाढलेली कड केराटिनची असते, तिच्यात ना रक्त ना संवेदना. सगळा कारभार खाली चालतो. केसाच्या मुळाभोवती चेतातंतूंचं वेटोळं असतं, बाजूला तेल पाझरणारी ग्रंथी. घामाची ग्रंथी आणखी खोल, दोऱ्याच्या गुंडाळीसारखी. घाम सोडायचा हुकूम तिला चेतातंतूंकडून येतो. कुष्ठरोगाचा जंतू नेमका या चेतातंतूंत ठाण मांडतो. मग घाम आटतो, केस झडतात आणि विस्तवसुद्धा कळत नाही.

"डोळं मिटा," म्हातारी म्हणाली. "मी शिवंन तिथं बोट ठेवा."

तात्यांना ते शिवणं रुचलं नाही, पण चारचौघांत भ्यालो असं दिसायला नको, म्हणून त्यांनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"अगं, शिवतीस कधी?"

"शिवून झालं, तात्या. तीन डाव."

खळ्यावर कुणी बोललं नाही.

तात्या लगेच जामखेडला गेले असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण ते गेले नाहीत. त्या काळी महारोग हा शब्दच माणसाला गावाबाहेर काढायला पुरेसा होता. जी वागणूक त्यांनी म्हातारीला जन्मभर दिली, ती आपल्या वाट्याला येईल याची त्यांना धास्ती वाटली. एक वर्ष सदऱ्याच्या लांब बाहीखाली गेलं. तेवढ्यात करंगळी आत वळली. मग एका पहाटे तेच म्हातारीच्या दारात उभे राहिले.

डॅप्सोनच्या गोळ्या त्यांनी कित्येक वर्षं घेतल्या. रोग थांबला, करंगळी सरळ झाली नाही. घाम आणि तेल दोन्ही आटलेली कातडी भेगाळते, म्हणून रोज हात पाण्यात भिजवून ओलसर असतानाच तेल लावायचं, हे म्हातारीनंच शिकवलं. तेही ओसरीवर बसून.

आता इतकी वर्षं गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. सहा किंवा बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. घरात कुणाच्या अंगावर फिका, बिनकेसाचा, घाम न येणारा चट्टा दिसला, तर या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.