सहा महिन्यांची आजी

दसरा उलटला की माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावांतून ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी संसार ट्रॅक्टरवर लादतात. पातेली, ताडपत्री, एखादी शेळी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाचा हिशेब कोयत्याचा, पोरांचा नव्हे. अंगावर पिणारं मूल आईबरोबर फडात जातं आणि पाचटावर झोपतं. थोडं मोठं असलं तर ते आजीपाशी राहतं. टोळी परतते ती थेट पाडव्याच्या सुमाराला.

पालकांना मूल वाढवायला हात द्यावा, हा विचार आज जगभर मान्य आहे. दिंद्रुडमध्ये मात्र आधी विचारावं लागतं, की पालक आहेत कुठे?

आपल्याकडे या विचाराची एक वाट बोर्डीहून निघते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. नखं कापणं, केस विंचरणं, गाणी म्हणणं हे सगळं आयांच्या डोळ्यांदेखत चाललं. शिकवण्याचा आव न आणता शिकवण्याची ती रीत मला अजून फार शहाणपणाची वाटते.

‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे सरकारने उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पण सरकारी अंगणवाडीवर खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टर यांचं राज्य आलं. भुकेलेल्या मुलाला आधी जेवू घालावं, यात चूक काय? चूक एवढीच, की तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायची आहाराची पाकिटं आली आणि त्याच्याशी बोलणं-खेळणं कुणाच्याच कामात बसलं नाही.

बोलण्या-खेळण्याची ही बाजू लखलखीत दाखवली जमैकाने. १९८६-८७ साली किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी उंची खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या काही घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची आणि टाकाऊ बाटल्या-चिंध्यांच्या खेळण्यांनी आई-मुलाला खेळवायची. असं दोन वर्षं चाललं. ही मुलं बाविशीत आली तेव्हा त्यांची कमाई खेळ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. तो आकडा जगभर फिरला. तो निवांत तास मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला. पोषणाच्या नोंदी, सर्वेक्षणं, लसीकरणाचा निरोप यांतून आमच्या अंगणवाडी सेविकेने घरोघरी तास काढायचा कुठून?

ओडिशाच्या खेड्यांत त्यावर तोड निघाली. घरभेटींऐवजी आयांचे गट बसवले, तर खर्च बराच कमी आणि मुलांची प्रगती जवळजवळ तितकीच, असं तिथल्या प्रयोगात दिसलं. बचत गटांच्या महाराष्ट्राला हे नवल वाटू नये. चार बायका बसल्या की सल्ला वरून येत नाही, शेजारून येतो. राज्यात अंगणवाड्यांमधून होणारे ‘आरंभ’ उपक्रमाचे पालक मेळावे याच वाटेवरचे.

पण गट बसतो गावात असणाऱ्यांचा. सहा महिने दिंद्रुडमधली आई म्हणजे आजी. तिला तेल लावून न्हाऊ घालणं येतं, चिऊ-काऊचा घास येतो, ओव्या तर शिकवणारीपेक्षा जास्त येतात. तिची अडचण अज्ञानाची नाहीच. गुडघे दुखतात, शेळ्या राखायच्या असतात, पाण्याला जाताना पोराला धरायला कुणी नसतं. तिकडे फडात गेलेल्या मुलाचं नाव दिंद्रुडच्या रजिस्टरात आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यात, फडाजवळच्या कोपीत. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं झाली, पण ती शाळेत जाणाऱ्यांसाठी.

म्हणून इथल्या कार्यक्रमाचं वर्ष साखरेच्या हंगामाशी जुळवावं असं मला वाटतं. पहिली बैठक दसऱ्याच्या आधी आणि आई-आजी दोघींची एकत्र. पोर कशाला भितं, कोणत्या गाण्याने झोपतं, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे एकीने दुसरीला सांगायचं. आजी पाण्याला जाईल तेवढा वेळ पोराला कोण धरेल, हेही त्याच बैठकीत ठरवायचं. मग सहा महिने टोळी कोपीवर परतली की संध्याकाळी फोन. आजीच्या हातातला कॅमेरा बहुधा आढ्याकडेच रोखलेला असेल, आणि पोर आवाज कुठून येतोय ते शोधत त्या फोनच्या मागे जाऊन बघेल.